कट म्हटल्यानंतर

१

माझं काम फेकायचं. लोक उन्हातान्हात उभं राहून शूटिंग करतात, आणि मी खिडकी लावून, पंख्याखाली बसून त्यातलं बहुतेक फेकून देते. याला संकलन म्हणतात. इतकी वर्षं जाहिराती केल्या, लग्नं केली, कारखान्यांचे माहितीपट केले. साबणाच्या फेसाचा कुठला क्षण ठेवायचा यावरून मी माणसांशी अबोला धरलेला आहे. चित्रपट मात्र कधी वाट्याला आला नव्हता, आणि येईल असं वाटायचंही बंद झालं होतं.

अशात डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे दातांचे. दवाखान्याला कुलूप लावून हा गृहस्थ, दात काढता काढता, चित्रपट काढायला निघाला होता. पहिलाच चित्रपट, तोही काळाकुट्ट. मी मनात म्हटलं, झालं, आता अंधाऱ्या गल्ल्या, सिगारेटचा धूर आणि पावसात पळणारा नायक बघावा लागणार. चहा पाजून त्यांना वाटेला लावायचं मी ठरवलंच होतं.

पण गोष्ट ऐकली आणि चहा तसाच राहिला. एक माणूस किल्ल्या बनवून देतो. प्रत्येक किल्लीची एक जास्तीची प्रत स्वतःसाठी ठेवतो. लोक कामाला गेले की त्यांच्या घरात जातो. चोरत काही नाही. नुसता त्यांच्या खुर्चीत बसतो, आणि वेळ झाली की उठून जातो. एक दिवस एक बाई घरी लवकर परत येते. पुढे खून आहे, पोलीस आहेत, आणि शेवटी आपण कुणाच्या बाजूचे हेच आपल्याला कळेनासं होतं. पहिल्या चित्रपटात माणसाला सगळंच सांगायची घाई असते. डॉक्टरांना ती नव्हती. अर्धं त्यांनी काळोखात ठेवलं होतं, आणि कुठलं अर्धं ठेवायचं ते त्यांना कळत होतं. मी हो म्हटलं.

लवकर परत येणाऱ्या बाईचं काम माझ्या धाकट्या बहिणीनं केलं. धाकटी माझ्याजवळच राहते. ती कार्टूनला आवाज देते, खारी, बदकं, एक रडकं इंजिन. तिचा आवाज घराघरात आणि चेहरा कुणाला ठाऊक नाही. घरात तर नुसता उच्छाद. मी भाजी चिरत असले की मागून बदक येऊन मीठ कमी म्हणून सांगायचं. मी चष्मा विसरले म्हणून ती एकदा तो द्यायला आली आणि डॉक्टरांनी तिला पाहिलं. चेहरा साधा आहे, म्हणाले, असाच हवा. तिनं घरी येऊन रडक्या इंजिनाच्या आवाजात मला हे सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

२

मुख्य प्रसंग छोटा होता. बाई दार उघडते, पिशवी ठेवते, आणि खोलीत कुणीतरी आहे हे तिला कळतं. तो माणूस दिसत नाही, दिसतो तिचा चेहरा. त्या एका चेहऱ्यावर सगळा चित्रपट उभा होता.

आणि धाकटीला ते येईना. दोष तिचा नाही, सवयीचा. खारीला भीती वाटली की डोळे मोठे, तोंड उघडं. सगळे टेक असलेच. मी एकामागून एक बघत होते. बहीण म्हणून वाईट वाटत होतं, आणि चित्रपट हातचा जाणार म्हणून त्याहून वाईट वाटत होतं. हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आमच्या धंद्यात एक जागा असते. दिग्दर्शक कट म्हणतो, पण कॅमेरा लगेच बंद होत नाही, थोडा चालू राहतो. मी त्याला शेपूट म्हणते. आमचा कॅमेरामन, त्याला सगळे काका म्हणतात, तर मुद्दामच सावकाश बंद करतो, घाई कसली म्हणतो. शेपटीत नट नट नसतो. कुणी नाक पुसतं, कुणी शिवी देतं. ते त्यांनी आपल्याला दिलेलं नसतं, म्हणून ते वापरायचं नाही असा एक न लिहिलेला नियम आहे. मी आजवर तो पाळला होता.

एका टेकच्या शेपटीत धाकटीनं खांदे सैल सोडले, उजवीकडच्या कुणालातरी जीभ दाखवली, आणि निघता निघता तिचं लक्ष कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला गेलं.

मी मशीन थांबवलं. पुन्हा बघितलं. तिचे डोळे मोठे झाले नव्हते, तोंड उघडलं नव्हतं. चेहरा आधी अगदी लहान मुलीचा झाला. आणि मग, हे मला नीट सांगता येत नाही, तो नम्र झाला. घरात कुणी मोठं माणूस न कळवता येऊन बसावं, आपण त्याला ओळखू नये, आणि ओळखलं नाही हे त्याला कळू द्यायचं नसावं, तसं ती बघत होती. त्यानंतर तिची पापणी हलली आणि कॅमेरा बंद झाला.

पापणी हलायच्या आधी मी तो शॉट तोडला आणि चित्रपटात लावला. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, हे मी कधी घेतलं? तुम्ही नाही घेतलंत, मी म्हटलं. मला फार अभिमान वाटला होता.

३

धाकटीला मी हौसेनं बोलावून दाखवलं. तिनं पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मी कुणाकडे बघतेय?"

तुलाच ठाऊक, मी म्हटलं. तिला आठवत नव्हतं. जीभ दाखवलेली आठवत होती, नंतर पाणी प्यायलेलं आठवत होतं. मधलं काहीच नाही. मी तिच्यासमोर काकांना फोन लावला. डावीकडे कोण होतं, विचारलं. ते हसायला लागले. त्या खोलीत जागाच कुठे होती, म्हणाले, कॅमेरा कोपऱ्यात कोंबलेला, डावीकडे लगेच भिंत, मांजर बसेल एवढीसुद्धा फट नव्हती. मीही हसले. माणूस कट म्हटल्यावर भिंतीकडेही बघतो, पालीकडेही बघतो, त्यात काय एवढं. धाकटी हसली नाही.

"ताई, ते काढ. माझ्यासाठी म्हणून सांगते, ते काढ."

तिनं माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. उलट मी तिचे कपडे वापरते, तिचा डबा खाते. काढते, मी म्हटलं, आणि खरंच काढलं. त्याजागी त्यातल्या त्यात बरा टेक लावला आणि सगळा प्रसंग पाहिला. मेलेला होता. आपण एका डॉक्टरच्या नादी लागून आणखी एक साबणाची जाहिरात केली, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो शॉट पुन्हा होता तिथे लावला.

घरी धाकटीनं विचारलं, तेव्हा काढला म्हणून सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी बदक खूप दिवसांनी स्वयंपाकघरात आलं आणि मीठ बरोबर आहे म्हणालं.

४

समीक्षकांचा खेळ सकाळी होता. धाकटीला रेकॉर्डिंग होतं, आणि खरं सांगायचं तर तो दिवस मीच डॉक्टरांकरवी ठरवून घेतला होता.

समीक्षकांत एक म्हातारे गृहस्थ असतात, त्यांना सगळे करवत म्हणतात. नवीन दिग्दर्शक त्यांना बघून जिन्यानं पळतात. ते माझ्याच रांगेत, दोन खुर्च्या सोडून बसले. चित्रपट सुरू झाला. अंधारात दाराखालून येणारी उजेडाची पट्टी, कुलपात किल्ली फिरल्याचा बारीक आवाज. करवत खुर्चीत पुढे सरकून बसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग तो प्रसंग आला. धाकटीनं पिशवी ठेवली. वर पाहिलं. चेहरा लहान झाला, मग नम्र झाला.

आणि तिनं पापणी मिटून उघडली.

मी तो शॉट पापणीच्या आधी तोडला होता. हे मला माझ्या नावासारखं ठाऊक आहे. शिवाय तिची नजर. माझ्या मशीनवर ती कॅमेऱ्याच्या पार डावीकडे होती. इथे अलीकडे आली होती. पडदा मोठा आहे, मी स्वतःला सांगितलं, आणि आपण कडेला बसलोय.

दिवे लागले तेव्हा करवत डॉक्टरांकडे गेले. पहिला चित्रपट आहे असं वाटत नाही, म्हणाले, आणि पहिलाच आहे असंही वाटतं, कारण पुढे माणूस इतका निर्दय राहत नाही. बाकी सगळं शिकून येतं, पण त्या बाईचं बघणं, ते कुणाचं डोकं? डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. करवतांनी चक्क वाकून मला नमस्कार केला. मला धाकटीची आठवण आली आणि शरम वाटली. नमस्कार मी घेतला.

५

संकलनाच्या खोलीवर येऊन मी मशीन लावलं. शॉट जिथे तोडला तिथेच तुटत होता. पापणी नव्हती. नजर डावीकडे, भिंतीकडे. चार वेळा बघितलं, मग भूक लागली म्हणून उठले. आदल्या दिवशी झोप कमी झाली होती, डोळ्यांचा नंबरही वाढला असेल. अशी कारणं एकदा शोधायला लागलं की कमी पडत नाहीत.

घरी मात्र काहीतरी बदललं होतं. आधी ते माझ्या लक्षातही आलं नाही. धाकटी कामावरून माझ्या आधी पोचली तर जिन्यात थांबायला लागली. किल्ली हरवली का, विचारलं, तर नाही म्हणाली. तू आधी जा, एवढंच. मग घरातल्या घरातही तेच. न्हाणीघर, बाल्कनी, तिची स्वतःची खोली. दाराशी आली की थबकायची आणि मला हाक मारायची. मी आत जाऊन यायचे, काय बाई नखरे म्हणायचे, मग ती जायची.

बदक बंद झालं. ते कुठल्या दिवशी बंद झालं मला सांगता येणार नाही, कारण तोवर चित्रपट लागला होता आणि माझं लक्ष दुसरीकडे होतं. जो तो त्या बघण्याबद्दल लिहीत होता. काही मला पाठ झालं होतं. एकानं लिहिलं होतं की ती बाई पडद्यावरून उतरून घरी येते.

धाकटी चित्रपट बघायला गेलीच नव्हती, पण तिच्या कानावर जाणारच होतं. दुकानात एका मुलीनं तिला थांबवलं आणि म्हणाली, तुमची ती नजर, मी दोनदा बघून आले. धाकटीनं मला विचारलं. अगं, ती शेवटच्या प्रसंगातल्या नजरेबद्दल बोलत असेल, मी म्हटलं, पोलीस चौकीतल्या. तिनं मान डोलावली. तिला माझं खरं वाटलं. तिला माझं नेहमीच खरं वाटतं. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं, आणि मग मी कणीक मळायला घेतली.

"रेकॉर्डिंगला आज परत पाठवलं," ती म्हणाली. "खारीचा आवाज निघेना. मोठ्यानं बोलवतच नाही गं. कुणाची तरी झोप मोडेल असं वाटतं."

६

पहिल्या चित्रपटांची एक स्पर्धा असते. डॉक्टरांचा फोन आला. कॉपी संध्याकाळी रवाना होणार होती, आणि एकदा गेली की मग तीच कायमची, सगळीकडे तीच चालणार. काही बदलायचं असेल तर आत्ता सांगा, मॅडम. मी म्हटलं, एकदा थिएटरात जाऊन बघते आणि कळवते. शॉट काढायचा असं मी ठरवलं होतं. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, खरंच ठरवलं होतं. फक्त शेवटचं एकदा बघून घ्यावं एवढीच इच्छा होती.

दुपारचा खेळ. गर्दी बरी होती. मी मागे, कडेला बसले, डावीकडची खुर्ची रिकामी. भर दुपारी थिएटरात शिरलं की डोळ्यांपुढे थोडा वेळ हिरवं हिरवं दिसतं, ते जाईपर्यंत मी डोळे मिटून नुसती ऐकत होते. किल्ली फिरली. कुणीतरी खुर्चीत बसलं. दार.

डोळे उघडले तेव्हा धाकटी पडद्यावर होती. नजर डावीकडे नव्हतीच. ती सरळ समोर बघत होती, आमच्याकडे. आणि ती नजर हलत होती. पहिल्या रांगेवरून, दुसऱ्या रांगेवरून, हळूहळू मागे, कुणी खुर्च्यांच्या मधून चालत जात असावं आणि ती त्याच्याकडे बघत असावी तशी. शॉट एवढा लांब नाही. मी हे मोठ्यानं म्हणाले का मला आठवत नाही. नजर शेवटच्या रांगेपर्यंत आली, माझ्यापर्यंत आली, आणि माझ्यावर थांबली नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर थांबली.

खुर्चीची बसायची फळी खाली झालेली होती. मी आले तेव्हा ती वर होती, की नव्हती? मी त्या बाजूला मान वळवली नाही. प्रसंग संपला. सगळ्या थिएटरानं श्वास सोडला. पुढे बसलेली एक मुलगी मैत्रिणीला इतक्या आनंदानं म्हणाली, बाई गं, मेले मी! ती पडद्याकडे अशी बघत होती की इतकी वर्षं मी ज्यासाठी अंधाऱ्या खोलीत बसले ते हेच, असं मला वाटलं.

बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला.

"बोला मॅडम. काही बदलायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "आहे तसंच जाऊ दे."

ते आभार मानत राहिले. उन्हात उभी राहून मी ते सगळे आभार ऐकून घेतले. मला माझा तिटकारा आला. तरी फोन पुन्हा लावला नाही.

७

घरी पोचले तेव्हा उजेड होता. धाकटी दाराबाहेर पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर, किल्ली हातात. किती वेळ बसली होती कोण जाणे. मला बघून उठली. बारीक झाली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी पुढे होऊन कुलूप उघडायला गेले, तर तिनं अडवलं. हे असं किती दिवस चालायचं, म्हणाली, तुला कंटाळा येत नाही का माझा? रेकॉर्डिंगवाले दुसरी मुलगी बघतायत. आज मी आधी जाणार. हसायचा प्रयत्न करत होती.

"फक्त एक सांग. ते तू काढलंयस ना? म्हणजे ते कुठेच नाहीये ना आता?"

कॉपी अजून गेली नसेल, हे माझ्या मनात आलं. फोन पर्समध्ये होता. नाही काढलं, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. मग ती आत गेली नसती. आम्ही दोघी खाली उतरलो असतो, कुठेतरी चहा प्यायलो असतो, डॉक्टर रडले असते, आणि मी पुन्हा साबण विकला असता.

"काढलंय गं," मी म्हटलं. "केव्हाच. जा तू."

तिनं किल्ली लावली. दार ढकललं. उंबरा ओलांडून आत गेली, पिशवी ठेवली, आणि बघ, गेले की नाही, असं सांगायला वळली. चेहऱ्यावर खरं हसू होतं. मग तिचं लक्ष माझ्या डाव्या खांद्याशेजारी गेलं.

चेहरा लहान झाला. मग नम्र झाला.

तिचा हात धरून तिला बाहेर ओढायचं होतं. निदान तिला हाक मारायची होती. पण उजेड तिच्यावर नेमका बाजूनं पडत होता, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच की हे शेपटीपेक्षा चांगलं आहे. थांब. अजून जरासं. मी श्वास रोखून उभी राहिले, आणि माझ्या शेजारीही कुणीतरी तसाच श्वास रोखला.

"या ना," धाकटी हळू आवाजात म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

माझ्या दंडाला घासून काहीतरी आत गेलं. दार आतून लागलं. मी जिन्यातच उभी होते.